अंधार जपणारा डोंगर : गिरवली

पुण्याहून नाशिक हमरस्त्याने मंचर गाठलं की भीमाशंकरचा रस्ता घोडेगावकडे वळतो. भाविकांच्या गाड्या ज्योतिर्लिंगाच्या ओढीने पुढे निघून जातात. याच टापूतल्या गिरवलीच्या डोंगरावर एक घुमट आहे, तो फार थोड्यांच्या नजरेस पडतो. दिवेलागण झाली की खाली गावात दिवे लागतात, इथे मात्र विझवले जातात!

पुण्याच्या ‘आयुका’ या संस्थेची ही वेधशाळा. पुण्यापासून सुमारे ८० किलोमीटर दूर, समुद्रसपाटीपासून साधारण १,००० मीटर उंचीवर. मे २००६ मध्ये ती राष्ट्राला अर्पण झाली. घुमटातल्या दुर्बिणीचा आरसा २ मीटर व्यासाचा आहे. शहराच्या झगमगाटापासून दूर, तरीही पुण्याहून दोन-तीन तासांत पोहोचता येईल, अशी ही जागा.

एवढ्या मोठ्या डोळ्याने पाहायचं काय? आकाशातले सगळे तारे स्थिर तेजाचे नसतात. काहींचं तेज ठरावीक काळाने कमी-जास्त होतं, ते रूपविकारी तारे. काही मृत ताऱ्यांवर जोडीदाराकडून ओढलेला वायू साचतो आणि एके दिवशी त्याचा भडका उडतो, तो नवतारा. अतिनवताऱ्यात मात्र अख्ख्या ताऱ्याचाच स्फोट होतो. अशा ताऱ्याचा फोटो काढून त्याचं तेज शेजारच्या स्थिर ताऱ्यांशी ताडून पाहतात, त्याचा प्रकाश रंगारंगांत फोडतात. त्या वर्णपटात हायड्रोजनच्या खुणा दिसल्या की नाही, यावरून स्फोट कोणत्या जातीचा ते कळतं.

खरी अडचण अशी, की स्फोट कुणाला विचारून होत नाही. १९ मे २०२३ रोजी जपानचे हौशी निरीक्षक कोइची इतागाकी यांना सप्तर्षीजवळच्या ‘एम १०१’ दीर्घिकेत नवा ठिपका दिसला. सुमारे २ कोटी १० लाख प्रकाशवर्षांवरचा अतिनवतारा! भारतात तेव्हा रात्रीचे अकरा वाजायला आले होते, अमेरिकेत दिवस होता. अशा स्फोटाचे पहिले काही तासच मोलाचे असतात. तारा फुटण्यापूर्वी त्याच्याभोवती काय होतं, ते पहिल्या प्रकाशातच वाचता येतं. सूर्य एका देशावर उगवला की पहारा दुसऱ्या देशाने उचलायचा. पूर्वेकडच्या जपान-ऑस्ट्रेलियापासून पश्चिमेकडच्या युरोपपर्यंतच्या साखळीत भारत ही महत्त्वाची कडी. ती निसटली तर ती रात्र परत मिळत नाही.

गिरवलीला मात्र पावसाळा आड येतो. मृगाच्या सरी कोसळू लागल्या की घुमट बंद, आणि तो उघडायला दसरा-दिवाळी उजाडते. जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या ‘जीएमआरटी’ला ही अडचण नाही. तिच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या रेडिओलहरी टिपतात. त्यांना ढगांची आडकाठी फारशी नसते.

लडाखमधलं हान्ले सुमारे ४,५०० मीटर उंचीवर, हिमालयाच्या पर्जन्यछायेत आहे. तिथे भारतीय खगोलभौतिकी संस्थेची २ मीटरची दुर्बीण आहे, शिवाय याच संस्थेने मुंबईच्या आयआयटीबरोबर उभारलेली ‘ग्रोथ-इंडिया’ही आहे. ०.७ मीटरची ही स्वयंचलित दुर्बीण २०१८ पासून आकाश पाहू लागली. ‘एम १०१’मधल्या स्फोटाचा हान्लेहूनही पाठपुरावा झाला.

डिसेंबर २०२२ मध्ये हान्लेच्या परिसराला राखीव अंधाराचा दर्जा मिळाला. सह्याद्रीच्या कुशीतल्या डोंगरांभोवती मात्र वस्ती आहे, रस्ते आहेत, धाबे आहेत. गावकऱ्यांनी दिवे लावू नयेत असं कोण म्हणेल? पण दिव्यावर झाकण असलं आणि उजेड जमिनीवरच पडला, तर रस्ताही उजळतो आणि आकाशही वाचतं. वीजबिल वाचतं ते वेगळंच!

गिरवली हे संशोधनाचं ठिकाण आहे, सहलीचं नव्हे. जायचं असेल तर ‘आयुका’ची परवानगी आधी घ्यायला हवी. ताऱ्यांचा पहारा मात्र घराच्या गच्चीवरूनही करता येतो. हिवाळ्यात मृग नक्षत्रातला तांबूस काक्षी शोधावा आणि शेजारच्या ताऱ्यांशी त्याचं तेज ताडून वहीत तारखेसह टिपून ठेवावं. २०१९ च्या अखेरीस तो इतका मंदावला, की फरक नुसत्या डोळ्यांनीही जाणवत होता. त्याच्याजवळ धूळ साचली होती, असं पुढे उलगडलं. अशी वही असलेल्यांनी तो फरक तेव्हाच हेरला होता.