सहाव्या दिवशीची भाकर

मिसर देशातून निघालेल्या इस्राएल लोकांना रानात मान्ना मिळू लागला, तेव्हा त्याबरोबर एक नियमही मिळाला. रोज त्या दिवसापुरतेच वेचावे, उद्यासाठी साठवू नये. साठवले तर त्यात किडे पडत. सहाव्या दिवशी मात्र दुप्पट वेचावे, कारण सातव्या दिवशी रान रिकामे असणार. तरीही काही जण सातव्या दिवशी बाहेर पडले आणि रिकाम्या हाताने परतले. निर्गमाच्या पुस्तकातील हा सोळावा अध्याय आपण सर्वांनी धर्मशिक्षणाच्या वर्गात ऐकलेला असतो. त्यातला चमत्कार आपल्या ध्यानात राहतो; त्यातले वेळापत्रक राहत नाही. ते वेळापत्रक किती व्यवहारी आहे, हे मला उतारवयात स्पेनमधल्या एका पायवाटेवर उमगले.

संत याकोबाच्या समाधीकडे, म्हणजे सांतियागो दे कोंपोस्तेला येथे, पायी जाण्याची प्रथा हजार वर्षांहून जुनी आहे. तिकडे जाणाऱ्या अनेक वाटांपैकी जी विशेष प्रसिद्ध आहे, ती फ्रान्समधील सँ-झाँ-पिए-द-पोर या गावातून निघते, पिरेनीज पर्वत ओलांडते आणि उत्तर स्पेन आडवा कापीत सुमारे 780 किलोमीटर चालून त्या महामंदिरापाशी पोहोचते. 24 एप्रिल 2023 रोजी, सोमवारी, माझी थोरली बहीण आणि मी या वाटेला लागलो. ताई निवृत्त शिक्षिका. तिला गेली वीस वर्षे मधुमेह आहे आणि ती इन्सुलिन घेते. डॉक्टरांनी तिला जाण्याची परवानगी दिली, ती एका अटीवर : जेवण वेळेवर झाले पाहिजे, आणि अन्न समोर आल्याशिवाय सुई टोचून घ्यायची नाही. त्यामुळे इतर यात्रेकरूंना जो केवळ भुकेचा प्रश्न होता, तो आमच्यासाठी त्याहून काही अधिक होता.

आपल्याकडे वेलांकणीला पायी जाणाऱ्यांबरोबर स्वयंपाकाचा टेम्पो असतो. पंढरीच्या वारीत दिंडीचा शिधा दिंडीबरोबर चालतो आणि वाटेवरची गावे अन्नदान करतात. स्पेनच्या वाटेवर प्रत्येकाने आपली सोय आपण पाहायची. आठवड्याच्या दिवशी ती कठीण नसते. सकाळी एखाद्या बारमध्ये कॉफी आणि तोर्तिया, म्हणजे बटाटा घालून केलेले जाड ऑम्लेट. दुपारी पाव, चीज आणि फळे. रात्री यात्रेकरूंसाठी ठरलेल्या दराचे जेवण. येथे बार म्हणजे केवळ दारूचे दुकान नव्हे. खेड्यात तेच चहापाण्याचे ठिकाण असते, तेच खानावळ आणि तीच गावची चावडी. दोन ते पाच दुकाने बंद, रात्रीचे जेवण साडेआठनंतर, एवढे अंगवळणी पडले की पोटाला चिंता उरत नाही.

रविवारची गोष्ट निराळी. स्पेनमध्ये रविवारच्या विश्रांतीचा कायदा 1904 साली झाला. काळ बदलला, नियम सैल झाले, तरी मोठ्या दुकानांनी वर्षातील किती रविवार उघडे राहावे, हे आजही तेथील प्रांतिक सरकारे ठरवतात; वाटेवरच्या लहान गावांत तर शनिवारी दुपारनंतर किराणा मालाच्या दुकानाची फळी पडली की ती सोमवारी सकाळीच उघडते. बेकरी उघडली तरी सकाळपुरती. पुष्कळ बारमध्ये रविवारी संध्याकाळी चूल पेटत नाही. शहरात औषधाचे एखादे दुकान पाळीने उघडे असते आणि कोणते, ते इतर औषधांच्या दुकानांच्या दारावर लिहिलेले असते. पण भाकरीसाठी अशी पाळी कोणी लावलेली नाही. वर्षाच्या चौदा सरकारी सुट्यांपैकी दोन प्रत्येक गावाने आपल्या स्वतःच्या ठरवायच्या, असाही नियम आहे. बहुधा त्या दिवशी गावच्या आश्रयदात्या संताचा सण असतो. आपल्या गावच्या सणाला कोणी दुकान उघडून बसत नाही, तसेच तेथेही.

आमचा पहिला रविवार 30 एप्रिलचा होता आणि सोमवारी 1 मे, कामगार दिन व संत योसेफ कामकऱ्याचा सण. म्हणजे लागोपाठ दोन दिवस बाजार बंद. एस्तेल्या गावातील आल्बेर्गेच्या व्यवस्थापकाने शनिवारीच बोटे मोजून हे बजावले होते. आम्ही दोन दिवसांचा पाव, उकडलेली अंडी, चीज, सफरचंदे आणि एक डबा मसूर घेतला. शिवाय ताईच्या कमरेच्या पिशवीत घरून आणलेली सुकेळी होतीच. रक्तातील साखर उतरली तर गोळीपेक्षा वसईचे सुके केळे बरे, असे तिचे मत. रविवारी सकाळी एस्तेल्याबाहेर इराचे येथील एका मद्यशाळेच्या भिंतीपाशी पोहोचलो. त्या भिंतीला 1991 पासून यात्रेकरूंसाठी दोन नळ आहेत, एक पाण्याचा आणि एक द्राक्षारसाचा. ताईने द्राक्षारसाच्या नळाकडे पाहून हात जोडले आणि बाटली पाण्याच्या नळाखाली धरली. पुढे विल्यामायोरपासून लोस आर्कोसपर्यंत 12 किलोमीटर एकही गाव नाही. गव्हाच्या शेतांतून जाणाऱ्या त्या वाटेवर, एका झाडाखाली बसून आम्ही शनिवारची भाकर रविवारी खाल्ली.

त्या वेळी वडिलांची आठवण झाली. आमची पानवेल आणि केळीची वाडी होती. शनिवारी संध्याकाळी रहाट नेहमीपेक्षा उशिरापर्यंत चाले, कारण रविवारी बैल जुंपायचा नाही, हा वडिलांचा दंडक. आई शनिवारीच वाटण करून ठेवी. विश्रांतीच्या दिवसाची तयारी आदल्या दिवशी दुप्पट घाम गाळून करावी लागते, हे आमच्या घरात कोणी बोलून दाखवले नव्हते. ते रहाटाच्या आवाजातून आम्ही ऐकले होते. बैलाला जी विश्रांती वडील देत होते, तीच विश्रांती ते दुकानदार स्वतःला आणि आपल्या नोकरांना देत होते. मग त्यांच्या बंद दारावर मी कोणत्या तोंडाने रागवावे? मी प्रार्थनेला निघालो आहे म्हणून दुसऱ्याने त्याचा प्रभूचा दिवस माझ्यासाठी मोडावा, असे म्हणणारी यात्रा कोणत्या देवाकडे जाते?

हा प्रश्न शेतांतून चालताना सोपा वाटतो. 14 मेच्या रविवारी तो तितका सोपा राहिला नाही.

तिएर्रा दे काम्पोस, म्हणजे शेतांचा मुलूख, या सपाट प्रदेशातून आम्ही चाललो होतो. फ्रोमिस्ता मागे पडले होते, कार्रिओन दे लोस कोंदेस पुढे होते. शनिवारी नेहमीप्रमाणे दुप्पट खरेदी झाली होती. परंतु सकाळी वाटेत एक कोरियन तरुण भेटला. त्याच्यापाशी बिस्किटाचा एक पुडा होता आणि रात्रीपर्यंत तेवढ्यावरच भागवायचे होते. ताईने आमच्यातील पाव आणि चीज त्याला देऊन टाकले. मी तिच्याकडे पाहिले, तेव्हा ती म्हणाली, "अरे, दुप्पट कशासाठी घेतलं होतं? आपल्यासाठी एकपट पुरतं." पुढच्या खेड्यात बार आहे, असे नकाशा सांगत होता. बार होताही, दारावर कागद चिकटवला होता आणि त्यावर लिहिले होते : बंद.

दुपारचा दीड वाजला होता. ऊन चढले होते, चालणे जास्त झाले होते. ताईच्या कपाळावर घाम आला आणि हात थरथरू लागले. यंत्रावर साखर 64 दिसली. तिला सावलीत बसवून मी दोन सुकेळी दिली. पंधरा मिनिटांनी आकडा थोडा वर आला. पण आता पोटभर अन्न हवे होते, आणि रस्त्यावर एक मांजर वगळता कोणी नव्हते. "ताई, मी दार वाजवू का?" मी विचारले. ती म्हणाली, "दुकानाचं वाजवू नकोस. घराचं वाजव."

हे वाक्य मी आजवर पुष्कळदा मनात फिरवले आहे. बारच्या बाजूलाच मालकाच्या घराचे दार होते. ते वाजवले तेव्हा एक वृद्ध बाई बाहेर आल्या. अंगावर सणाचा पोशाख, गळ्यात मोत्यांची माळ. त्यांच्या मागे अंगणात लांब मेज मांडलेले, त्याभोवती वीसेक माणसे, आणि मधोमध पांढऱ्या झग्यातील आठ-नऊ वर्षांची मुलगी. त्या सकाळी तिने पहिला ख्रिस्तप्रसाद स्वीकारला होता. बार बंद असण्याचे कारण ती होती. मी यंत्र दाखवले, ताईकडे बोट केले आणि खिशातून पैसे काढले. बाईंनी पैशांवर आपला तळवा ठेवून ते खाली दाबले आणि काही बोलल्या. शाळेत इंग्रजी शिकणाऱ्या एका नातवाने भाषांतर केले : आजी म्हणते, आज दुकान बंद आहे, त्यामुळे तुम्हाला काही विकत मिळणार नाही, आत या.

आम्ही आत गेलो. मसुराचे कालवण, भाजलेले कोकरू, पाव. ताईने अन्न समोर आल्यावरच सुई घेतली आणि ते पाहून कोणी अवघडले नाही. मेजावरच्या एका आजोबांनी आपल्या खिशातून तसेच पेन काढून दाखवले आणि सगळे हसले. निघताना ताईने उरलेली सुकेळी त्या मुलीला दिली. ते काळपट, चिकट फळ तिने आधी संशयाने चाटले, मग एकटीनेच संपवले.

त्या दुपारपासून बंद दुकानाचा अर्थ माझ्यापुरता बदलला. उघडे दुकान मला गिऱ्हाईक म्हणून ओळखते. मी पैसे देतो, ते अन्न देते, हिशेब तेथेच मिटतो. त्यात काही वाईट नाही. सहा दिवस जग त्यावरच चालते. सातव्या दिवशी हे देणेघेणे थांबते, आणि ज्याला विकत घेता येत नाही त्याला मागावे लागते. मागणाऱ्याला नकार मिळू शकतो किंवा पाहुणचार. विक्री मात्र होत नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1998 साली प्रभूच्या दिवसाविषयी जे प्रेषितीय पत्र लिहिले, त्यात रविवारची विश्रांती आणि दुःखितांची सेवा यांची सांगड घातली आहे. दुकान बंद ठेवणाऱ्या बाईंनी आपले घर उघडून ती सांगड माझ्यापुढे मांडली. अम्माऊसच्या वाटेवरील दोघा शिष्यांनाही प्रभूची ओळख पटली ती एका रविवारीच, चालून थकल्यावर, भाकर मोडताना. आणि ती भाकर त्यांनी स्वतःच वाटसरूला घरात बोलावले म्हणून मोडली गेली.

ग्रान्योन गावी चर्चच्या मनोऱ्याला लागून असलेल्या आल्बेर्गेत एक पेटी आहे. तिचे झाकण उघडेच असते. ज्याला शक्य त्याने ठेवावे, ज्याला गरज त्याने घ्यावे. ती पेटी आठवडाभर रविवार पाळते, असे मला वाटते. उलट सार्रिया या गावापासून पुढे, शेवटच्या शंभरएक किलोमीटरांत, यात्रेकरूंची इतकी गर्दी असते की पुष्कळ ठिकाणी रविवारीही बार उघडे मिळतात. 4 जूनच्या आमच्या शेवटच्या रविवारी आम्हाला हवे ते, हव्या त्या वेळी मिळाले. ताईच्या प्रकृतीसाठी मी देवाचे आभार मानले. मात्र त्या दिवशी कोणाच्या घराचे दार वाजवावे लागले नाही, आणि आम्हाला वाढणाऱ्या मुलीच्या डोळ्यांत झोप होती. तिचा रविवार कोणता, हे विचारण्याइतकी तिची भाषा मला येत नव्हती.

2027 साली 25 जुलै, संत याकोबाचा सण, रविवारी येतो. म्हणून ते वर्ष तेथे पवित्र वर्ष म्हणून पाळले जाणार आहे, आणि आपल्या धर्मग्रामांतूनही काही जण जाण्याचा बेत करीत आहेत. ते मला बूट कोणते घ्यावे, पाठपिशवी किती वजनाची असावी, असे विचारतात. त्यांना मी एवढेच सांगतो : शनिवारी दुपारी दोनच्या आत दुप्पट खरेदी करा, म्हणजे रविवारी कोणावर तुमचा भार पडणार नाही. त्यातली एकपट स्वतः खा. दुसरी एकपट पिशवीत वरच ठेवा, चटकन काढता येईल अशी. वाटेत ती कोणाला तरी लागेल.