ईसीएम गेलंय म्हणे

सुरतेतल्या आमच्या लिंबायतच्या गल्लीत गाडी बंद पडली की वैद्यांना तोटा नसतो. आमचा छोटा ट्रक 2013 चा, जीजे-05 पासिंगचा. रिंग रोडवरच्या मार्केटमधून ग्रे कापडाचे ताके पांडेसऱ्याच्या मिलला न्यायचे आणि रंगवलेला माल परत आणायचा, एवढंच त्याचं जग. यंदा खाडीपुराचं पाणी ओसरलं आणि काही दिवसांनी त्यानं मान टाकली. सेल्फ फिरतो, पण इंजिन उचलत नाही. शेजारच्या ड्रायव्हरनं चावी फिरवली आणि निकाल दिला, "ईसीएम गेलंय, भो." ईसीएम म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर. डिझेल-पंपाचा मेकॅनिकही तेच म्हणाला. स्कॅनरवाल्यानं स्कॅनर लावला, गाडी त्याच्याशी बोलेना, म्हणून त्याचंही तेच.

मी आजवर या गाडीचा फक्त हिशेब लिहीत आलो. गाडीकडे बघणाऱ्या आमच्या आबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, म्हणून बॉनेट माझ्या वाट्याला आलं. डिझेलच्या ट्रकला कॉम्प्युटर कशाला, हेच मला कळेना. नंदुरबारच्या मामांचा ट्रक साधारण याच वयाचा, त्यात असला डबाच नाही! उत्तर कायद्यात निघालं. 1 एप्रिल 2010 पासून देशातल्या 13 शहरांत बीएस-4 हे गाड्यांच्या धुराचं मानक लागू झालं. त्यांत सुरत होतं, पुणे-सोलापूरही होतं, नंदुरबार नव्हतं. अख्ख्या देशाला ते 1 एप्रिल 2017 ला लागलं. धूर कमी करायचा तर डिझेल दीड हजार बारच्या आसपास दाबानं, नेमक्या क्षणी आणि मोजूनमापून सोडावं लागतं. ते काम हा डबा करतो. मामांच्या ट्रकला साधा यांत्रिक पंप.

उधन्याचे एक गुजराती वायरमन काका आले. त्यांनी डब्याला हातच लावला नाही. "पहेलां करंट जो, पछी डब्बो," म्हणाले. आधी करंट बघ, मग डबा. ईसीएमच्या कपलरवर मी मल्टिमीटर धरला, बारा व्होल्ट दिसले, मी खूश. काकांनी मीटर बाजूला ठेवून हेडलाईटचा बल्ब जोडला. गंजलेल्या वायरची एक तार जरी शाबूत असली तरी मीटर बारा दाखवतो. बल्ब मात्र मिणमिणतो, कारण त्याला खरोखरचा करंट लागतो. आमचा बल्ब लख्ख पेटला. फ्यूज, रिले, अर्थिंग, सगळं ठीक.

पुढची परीक्षा मला फार आवडली. ईसीएम सेन्सरांना पाच व्होल्ट पुरवतं. एखादा सेन्सर आतून शॉर्ट झाला तर तो सगळ्यांचे पाच व्होल्ट खाऊन टाकतो आणि निरपराध डबा बदनाम होतो. घरातल्या एकानं नळ उघडा टाकावा आणि बोलणी टाकीनं खावीत, तसं. काकांनी एकेक सेन्सर काढत नेला. सगळे काढले, ईसीएमपर्यंतची वायरिंगही तपासली, तरी पाच व्होल्ट येईनात. तेव्हा कुठे काका म्हणाले, आता डबा. म्हणजे गल्लीचं निदान बरोबरच होतं. पण न तपासता केलेलं असं निदान काय कामाचं?

रिपेअरवाल्यानं झाकण उघडलं. पिनांच्या मुळाशी हिरवा गंज, बोर्डवर पाण्याची रेघ. नव्याची किंमत ऐकून आबा बिछान्यावर उठून बसले. मग त्याच पार्ट नंबरचं वापरलेलं ईसीएम शोधलं. नुसता नंबर जुळून भागत नाही हे तिथं कळलं: बिघडलेल्या डब्याच्या मेमरीतला डेटा दुसऱ्यात उतरवावा लागतो. नशिबानं मेमरी वाचता आली.

इंजिन एका सेल्फमध्ये उचललं, पण ठोका देत होतं. त्याआधीच काकांनी मला इंजेक्टरांची डोकी डिझेलच्या फडक्यानं पुसून त्यांवरचे कोड टिपून ठेवायला लावलं होतं. प्रत्येक इंजेक्टर किती डिझेल सोडतो यात बारीक फरक असतो. तो फरक या कोडमध्ये असतो आणि ईसीएमला सांगावा लागतो. पाहिलं तर तिसऱ्याचा कोड मेमरीतल्याशी जुळेना. तो इंजेक्टर मागे कधीतरी बदलला होता, कोड कुणी भरलाच नव्हता. आबांना आठवलं, "तेव्हापासूनच आवाज होता." कोड भरला, ठोका गेला. इतकी वर्षं आम्ही तो इंजिनाच्या वयाच्या नावावर टाकला होता.

ट्रकवाल्यांना एकच विनंती: बॉडीला वेल्डिंग मारण्याआधी बॅटरीची केबल आणि ईसीएमचे कपलर काढा. आमचं ईसीएम पाण्यानं गेलं; काकांकडे येणारी बरीचशी वेल्डिंगनं गेलेली असतात.