सवलत आणि मुदत

मराठीत काही शब्द जोडीनेच नांदतात. 'सवलत' आणि 'मुदत' ही त्यांतलीच एक जोडी. दोन्ही शब्द अरबी कुळातले. फारसीच्या वाटेने दफ्तरात शिरले आणि दफ्तरातून आपल्या ओसरीवर येऊन बसले. सवलतीचा मूळ अर्थ सोपेपणा. पण तिच्या शेजारी मुदत येऊन बसली की सोपे असे काही उरत नाही. हे ज्ञान मला व्याकरणाच्या पुस्तकाने दिले नाही, विजेवर चालणाऱ्या मोटारीने दिले. आणि तेही ती दारात येण्यापूर्वीच.

मोटार हवी होती ती सौ.साठी. आम्ही साताऱ्यात राहतो आणि ती वाईजवळच्या एका माध्यमिक शाळेत शिकवते. पस्तीसएक किलोमीटर जाणे, तितकेच येणे. पहाटे उठून डबे करायचे, सहाला घर सोडायचे, स्टँडवर जाऊन एसटीची वाट पाहायची. मार्च २०२३ मध्ये एसटीने बायकांचे तिकीट अर्धे केले, तेव्हा माझे मेहुणे म्हणाले, "आता कसली मोटार घेता? अर्ध्या पैशांत प्रवास होतोय!" त्यावर सौ. म्हणाली, "दादा, तिकीट अर्धं झालंय. उभं राहणं पूर्णच आहे."

हे मेहुणे म्हणजे सौ.चे थोरले बंधू. बँकेतून निवृत्त झालेले. लोकांच्या ठेवींच्या मुदती सांभाळण्यात त्यांची हयात गेली, त्यामुळे कोणतीही गोष्ट पिकल्यावाचून हाती घेऊ नये अशी त्यांची श्रद्धा आहे. मोटारीचा विषय निघाला की त्यांचा एकच मंत्र, "प्राध्यापक, थांबा!"

त्यांच्या या मंत्राला आधार नव्हता असे मात्र कोणी म्हणू नये. विजेच्या मोटारीवरचा जीएसटी १ ऑगस्ट २०१९ रोजी बारा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला. आदल्या आठवड्यात घाई करणाऱ्याने कपाळावर हात मारला असेल, थांबणारा सुखी झाला. त्याच साली आयकर कायद्यात '८० ईईबी' नावाचे कलम आले. अशा मोटारीसाठी काढलेल्या कर्जाच्या व्याजापैकी दीड लाखापर्यंतची रक्कम उत्पन्नातून वजा करता येऊ लागली. पण ते कर्ज ३१ मार्च २०२३ पूर्वी मंजूर झालेले असले पाहिजे. इथे थांबणारा बुडाला. २०२१ च्या जुलैत महाराष्ट्र सरकारचे धोरण जाहीर झाले. पहिल्या दहा हजार मोटारींना बॅटरीच्या क्षमतेप्रमाणे दीड लाखापर्यंत अनुदान, आणि डिसेंबरअखेर घेणाऱ्याला वर आणखी लाखापर्यंत बक्षीस. मग त्या डिसेंबरचा मार्च झाला. घाई करणाऱ्याला बक्षीस द्यायचे आणि घाईची मुदत वाढवायची, ही सरकारी विनोदबुद्धी मला फार आवडते. परीक्षेचा अर्ज विलंबशुल्कासह स्वीकारणारी आमची विद्यापीठेही याच घराण्यातली.

खरी करमणूक झाली २०२५ साली. मार्चमध्ये राज्याच्या अर्थसंकल्पात तीस लाखांवरच्या विजेच्या मोटारींवर सहा टक्के कर लावण्याचा प्रस्ताव आला. आमची नजर होती ती मोटार चौदा लाखांची, म्हणजे त्या कराला आमच्या घराचा पत्ताही सापडला नसता. तरी आमच्या स्वयंपाकघरात दोन दिवस त्याचीच चर्चा! महिना संपण्याआधी मुख्यमंत्र्यांनी विधिमंडळात तो कर मागे घेतल्याचे सांगितले. इतक्यात जुन्या धोरणाची मुदत ३१ मार्चला सरली. नवे धोरण मंत्रिमंडळाने मंजूर केले २९ एप्रिलला. मधला महिना करमाफी राहते की जाते या विवंचनेत गेला. ती राहिली, आणि २०३० च्या मार्चअखेरपर्यंत राहील असे ठरले. ऑगस्टमध्ये टोलमाफीही सुरू झाली. अटल सेतूवर, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर, समृद्धी महामार्गावर. आम्ही पडलो आनेवाडीच्या नाक्यावरून जाणारी माणसे!

मग २२ सप्टेंबर, घटस्थापना. त्या दिवसापासून छोट्या पेट्रोल मोटारींवरचा कर एकोणतीस टक्क्यांवरून अठरावर आला. विजेच्या मोटारीचा होता तिथेच, पाचावर, राहिला. म्हणजे आम्ही एका दारात सवलतीची वाट पाहत उभे आणि सवलत शिरली शेजारच्या घरात. मेहुण्यांचा फोन आलाच. "बघा, पेट्रोलची स्वस्त झाली, आता विजेची खपावी म्हणून सरकार काहीतरी देणारच. फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पापर्यंत थांबा."

त्या रात्री मी कागद घेऊन बसलो. चौदा लाखांच्या पेट्रोल मोटारीवर राज्याचा वाहनकर बारा टक्के, म्हणजे एक लाख अडुसष्ट हजार रुपये. विजेच्या मोटारीला तो माफ. ही झाली हातातली सवलत. तिचा कागद आहे, तिला तारीख आहे. फेब्रुवारीतल्या सवलतीला मेहुण्यांखेरीज कोणाचाच आधार नव्हता. बॅटऱ्या स्वस्त होत चालल्या आहेत, पुढच्या वर्षीची मोटार एका भरणीत अधिक पल्ला गाठेल, हे त्यांचे म्हणणे मात्र मला खोडता आले नाही. ते खरेच आहे. पण ते दरवर्षीच खरे असणार, आणि म्हणून त्याच्या जोरावर माणूस दरवर्षी थांबू शकतो.

आकडेमोड इथेच संपली असती, पण कागदाच्या दुसऱ्या बाजूला मी सहज एक हिशेब मांडला. मोटारीने सौ.चा दिवसाचा सव्वा तास वाचणार. शाळेचे दिवस वर्षाला दोनशे तीस धरले. गुणाकार केला तर दोनशे सत्त्याऐंशी तास भरले. म्हणजे जवळजवळ बारा अहोरात्र. तिला निवृत्त व्हायला तेरा वर्षे उरली आहेत. तिच्या कमरेचे दुखणे गेल्या दोन पावसाळ्यांत वाढले आहे, ते कोणत्या रकान्यात मांडावे मला कळेना. एक वर्ष थांबून सरकारने समजा पन्नास हजार दिले, तर हे बारा दिवस आम्ही पन्नास हजारांना विकले असे होईल. शिवाय विकणारा मी आणि दिवस तिचे!

माझ्या वडिलांनी स्कूटरसाठी नाव नोंदवले आणि आठ वर्षांनी ती घरी आली. त्या काळात मालच मिळत नसे, तेव्हा थांबणे हा काही त्यांचा निर्णय नव्हता. आई सांगते की तेवढ्या वर्षांत त्यांनी थांबण्याविषयी एकदाही तक्रार केली नाही. मला हे कौतुकाचे वाटत असे. आता वाटते, स्कूटर कोणाला हवी होती, तेही आईला विचारायला हवे.

कागद मी सौ.पुढे ठेवला. तिने पुढची बाजू पाहिली, मागची पाहिली आणि विचारले, "चार्जिंगचा पॉइंट जिन्याखाली बसेल का? मीटरसाठी अर्ज कुठे करायचा?"

दसऱ्याला पैसे भरले. मेहुण्यांना ते सांगायचे काम तिनेच अंगावर घेतले. पलीकडून बराच वेळ फेब्रुवारीचा उच्चार ऐकू येत होता. ती हूं हूं करत डबा भरत होती. शेवटी म्हणाली, "दादा, फेब्रुवारीत काही निघालं तर ती मोटार तू घे. तोवर रविवारी वहिनीला घेऊन ये, महाबळेश्वरला जाऊन येऊ. हो, बॅटरी पुरते. मी पाहिलंय."