पानाचे तबक

हेदवीस येणारा प्रवासी दशभुज गणपतीचे दर्शन घेतो, समुद्रकाठच्या उमामहेश्वराला नमस्कार करतो, भरतीची वेळ साधली तर बामणघळीत उसळणारे पाणी पाहतो आणि गुहागरच्या किंवा वेळणेश्वरच्या वाटेला लागतो. त्याच्या लेखी गाव तेथे संपतो. आमच्या लेखी तो वाड्यांत सुरू होतो. माडांच्या सावलीत वाढलेल्या पोफळी, त्यांच्या अंगावर चढलेले मिरीचे आणि नागवेलीचे वेल, मधून वाहणारा पाट, आणि वाडीच्या तोंडाशी चिऱ्याचे घर. घराच्या पडवीत झोपाळा असावयाचाच, आणि झोपाळ्याशेजारी पानाचे तबक. त्या तबकाविषयी आज आम्हांस लिहावयाचे आहे.

विषय अप्रिय आहे हे आम्ही जाणतो. ज्या वस्तूने पाहुण्याचा सन्मान करावयाचा, जी फुटली म्हणजे सोयरीक पक्की झाली असे समजावयाचे, जी तांदुळांवर मांडून तिलाच गजानन मानावयाचे, ती सुपारी माणसाच्या तोंडात कर्करोग उत्पन्न करते असे म्हणणे म्हणजे घरच्या वडीलधाऱ्या माणसावर चोरीचा आळ घेण्यासारखे आहे. परंतु पुरावा आहे, आणि तो आजकालचा नाही. मुंबईस परळला टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली उघडले. तेथील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४४ साली मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या १,००० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी त्यांनी आणखी एक निबंध लिहिला. त्याचा विषय होता रूढी आणि कर्करोग यांचा संबंध. घट्ट कसलेल्या धोतराखाली कंबरेच्या कातडीवर होणारा कर्करोग त्यांनी त्यात वर्णिला आहे. रोग नशिबाने येतो असे मानणाऱ्या समाजाला तो नेसण्याच्या, खाण्याच्या, चघळण्याच्या रीतीतूनही येतो हे दाखवून देणारा हा माणूस होता. त्याचे नाव आपल्या घराघरांत का नसावे, याचे आम्हांस नेहमी नवल वाटते.

तंबाखूचा विडा कर्करोगकारक आहे, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८५ साली दिला. तेव्हा पुष्कळांनी सुटकेचा निःश्वास टाकला. कारण ‘आम्ही तंबाखू कोठे खातो? नुसती सुपारी खातो’ असे म्हणावयाची सोय होती. तीही २००४ साली गेली. तंबाखूचे नख न लागलेली सुपारीदेखील कर्करोगकारक होय, असे त्याच संस्थेने त्या साली जाहीर केले. सुपारीतील द्रव्यांनी गालाच्या आतला मऊ पडदा हळूहळू राठ होतो, त्यात दोरखंडासारखे पट्टे धरतात, तिखट सोसेनासे होते आणि तोंड दिवसेंदिवस कमी उघडू लागते. अशा तोंडात पुढे कर्करोग होण्याचा धोका मोठा असतो. आणि राठ झालेला पडदा सवय सुटली तरी पूर्ववत होत नाही.

आमच्या मते व्यसन हा शब्द येथे फसवा आहे. व्यसन म्हटले की गुत्ता, चोरून पिणे, वाईट संगत असे काही डोळ्यांपुढे येते. तबकाला यातले काही लागू नाही. ते उजळ माथ्याने पडवीत बसलेले असते. आजोबांना अडकित्ता आणून देणारा नातू पाच वर्षांचा असतो. सातव्या वर्षी त्याला खांड कातरता येते आणि त्याचे कौतुक होते. दहाव्या वर्षी जेवणानंतर एक तुकडा त्याच्याही तळहातावर पडतो. यात कोणाचा दुष्ट हेतू नाही. प्रेमानेच दिलेले असते, म्हणून ते नाकारता येत नाही. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ साली बंदी आली हे योग्यच झाले; पण आजोबांच्या तळहातावर कोणता फौजदार नजर ठेवणार?

माजघरातली गोष्ट याहून गंभीर. तेथे तबक नसते, मशेरीची डबी असते. तव्यावर तंबाखू काळी होईतो भाजावयाची, चुरावयाची आणि बोटाने दातांना लावावयाची. आमच्या थोरल्या काकू पहाटे चुलीपुढे बसून अशी मशेरी लावीत. तिला त्या तंबाखू म्हणत नसत. दातांचे औषध म्हणत. दिवसातून एकदा लावावयाचे औषध पुढे चार वेळा लागू लागले. खालच्या हिरडीवर पांढरा चट्टा उठला, तो त्यांनी वर्षभर कोणास दाखविला नाही; बायकांनी तोंड उघडून दाखवावे अशी आमच्या घराची रीत नव्हती. मुंबईस नेले तेव्हा जबड्याचे हाड धरलेले होते. शेवटचे पाच महिने त्या पेजेवर होत्या, आणि पेजही ओघळून जाई. २०१६-१७ च्या देशव्यापी पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा धूर न काढता तंबाखू सेवन करणारा आढळला. हा आकडा वाचताना आम्हांस ती डबी आठवते.

गेल्या वर्षी हे सारे आम्ही झोपाळ्यावर बसलेल्या काकांपुढे मांडले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “अरे, तुझी मुंबईतली खानावळ कोणी भरली? या पोफळींनीच ना?” प्रश्न बिनतोड होता. बागाईतदाराच्या घरातील शिक्षणे, लग्ने, छपराची दुरुस्ती, सारे बेड्यांच्या पोत्यांवर चालते. मिरी, जायफळ, दालचिनी ही पिके त्याच सावलीत येतात हे खरे. पण पोफळीची जागा ती एका वर्षात घेत नाहीत, आणि काकांचे वय ऐंशीच्या पुढे आहे. आम्ही एवढेच म्हणालो, “काका, पोफळी तोडा असे मी म्हणत नाही. पूजेची सुपारी पूजेत राहू द्या. देव ती चावीत नाही. मुलांच्या हातावर मात्र ठेवू नका.” काका हसले. तबक जागचे हलले नाही.

उपदेशाने काय होते, असे विचारणारांस एक उदाहरण सांगतो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या संशोधकांनी तीन राज्यांतील खेड्यांत ३६,००० तंबाखू सेवन करणाऱ्यांना घरोघर जाऊन समजावण्याचा प्रयोग केला. १९८६ साली त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. समजाविलेल्यांपैकी अधिक लोकांनी सवय सोडली आणि तोंडात नवे पांढरे चट्टे उठण्याचे प्रमाण घटले. दुसरे उदाहरण तिरुवनंतपुरम जिल्ह्यातले. तेथे तंबाखू किंवा दारू सेवन करणाऱ्यांची तोंडे शिकविलेल्या कार्यकर्त्यांनी ठरावीक काळाने नुसती डोळ्यांनी तपासली. तेवढ्याने त्या लोकांतील तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाल्याचे २००५ साली दिसून आले. आमच्या जिल्ह्यातही डेरवणचे वालावलकर रुग्णालय आणि टाटा रुग्णालय यांनी गावोगाव अशा तपासण्या केल्या आहेत. आहार, व्यायाम यांवर मासिकांतून पुष्कळ लिहिले जाते, ते वाचावे. पण कोकणातल्या घराने आधी तोंड उघडावे, असे आमचे मत आहे.

म्हणून यंदाच्या गणपतीत, मुंबई-पुण्याची सारी मंडळी जमली असता, आम्ही एक प्रकार केला. दुपारच्या आरतीनंतर पडवीच्या उजेडात आरसा ठेवला. प्रत्येकाने गाल ओढून पाहावयाचे: पांढरा वा लाल चट्टा आहे काय, तीन आठवड्यांत न भरलेले क्षत आहे काय, आणि आपली तीन बोटे एकावर एक उभी धरून दातांमध्ये जातात काय. मुलांना हा खेळच वाटला. सुनांनी प्रथम पदर तोंडाला लावला, मग एकमेकींस आरसा धरून पाहिले. धाकट्या चुलतभावाचा मुलगा बावीस वर्षांचा. पुड्यांतली गोड सुवासिक सुपारी हा त्याचा कॉलेजातला विरंगुळा. त्याची दोनच बोटे आत गेली. त्याने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा दोनच.

पडवीत कोणी बोलेना. काका झोपाळ्यावरून उठले, त्याच्याजवळ आले आणि म्हणाले, “पुन्हा उघड बघू, बाळा.” त्यालाच त्यांनी खांड कातरावयास शिकविले होते.

मुलगा आता डॉक्टरांच्या देखरेखीखाली आहे. कर्करोग नाही, तोंड गेले तेवढे परत उघडणार नाही, पण सुपारी सुटली तर पुढचे राखता येईल, असे त्यांनी सांगितले. तबकात हल्ली बडीशेप, ओवा आणि खोबऱ्याचा कीस असतो. अडकित्ता कोठीच्या खोलीत पोत्यांजवळ गेला आहे. व्यापारी आला म्हणजे मालाचा नमुना फोडून दाखविण्यापुरता काका तो बाहेर काढतात.