मिस्त्रींना महिना दे

चि. मुक्तास,


जेवणाच्या टेबलाला मिस्त्री आणखी महिनाभर मागतायत म्हणून तू वैतागलीस. दुकानदार आठ दिवसांत द्यायला तयार आहे, तेही कळलं. माझं ऐक, मिस्त्रींना महिना दे. फळ्या कापून, मध्ये पट्ट्या घालून रचून ठेवल्यात असं तू लिहितेस, म्हणजे काम सुरूच आहे. लाकूड पुण्याच्या हवेत रुळू दे.

सागवान चंद्रपूर-बल्लारशाकडचं, अगदी जातिवंत असलं तरी हवेतली ओल घेतं आणि सोडतं. लांबीत फरक जवळजवळ पडत नाही, रुंदीत पडतो. एप्रिलच्या कोरड्या पुण्यातून जुलैच्या दमट पुण्यात येताना तीन फूट रुंदीची फळी सहज दोन सूत वाढते. हा पाव इंच खिळ्याने अडत नाही, फेविकॉलनेही नाही. खालच्या चौकटीला चारही बाजूंनी जखडलेली फळी उन्हाळ्यात आकसताना तडकते. म्हणून जाणता सुतार ती मध्यावर पक्की करतो आणि कडेला लांबट भोकांतून स्क्रू घालतो. फळीला सरकायला जागा राहते. कपाटाच्या दारातलं पॅनेलही चौकटीच्या खोबणीत मोकळंच बसवायचं, चिकटवायचं नाही.

पाय आणि खालच्या चौकटीची आडवी पट्टी यांचा सांधा मात्र घट्टच हवा. तिथे पट्टीच्याच टोकाला कुसू काढून ते पायाच्या खाचेत बसवतात. कुणी टेबल ओढलं की सगळा ताण या कोपऱ्यात येतो. कुसवाचे खांदे पायाला नीट टेकले असतील तर तो ताण पेलतो. नुसत्या स्क्रूवर उभा केलेला पाय डुगडुगायला लागतो. हा सांधा पूर्ण झाल्यावर दिसत नाही, म्हणून जोडण्याआधी जाऊन बघ. मिस्त्री हौसेने दाखवतील. विश्रामबाग वाडा तुझ्या वाटेवरच आहे, दुसऱ्या बाजीरावाच्या काळातला. तिथे खांब आणि तुळई जिथे भेटतात तो सांधाही मान वर करून बघ.

स्वयंपाकघराच्या ट्रॉल्यांना प्लायवूड घेतलंस ते योग्यच केलंस. त्यातले थर एकाआड एक उभे-आडवे असल्यामुळे ते फारसं फुगत नाही. पण टेबलावर ओरखडे पडणार, आणि तेव्हा रंधा मारून ते पुन्हा नवं करता आलं पाहिजे. प्लायवूडवरच्या पातळ वीनियरवर रंधा कसा चालवणार? आणि फळ्यांच्या कडेचा फिकट पांढरा भाग टेबलात घेऊ देऊ नकोस, त्याला कीड लवकर लागते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुझ्या सासूबाई व्हीलचेअरवर असतात. दुकानातल्या टेबलाची पट्टी त्यांच्या खुर्चीच्या हातांना अडेल आणि त्यांना ताट मांडीवर घ्यावं लागेल. पाय कापण्याआधी मिस्त्रींना घरी बोलव, सासूबाईंना खुर्चीत बसवूनच गुडघ्यांची आणि खुर्चीच्या हातांची उंची मोजायला सांग. सासूबाई बसतील त्या बाजूची पट्टी आत घ्यायची की अरुंद करायची, ते मिस्त्रींनाच ठरवू दे.

तुझा,
शरदकाका