मिलिंदला जाण्यापूर्वी

चि. मुक्ता,


मिलिंद महाविद्यालयाच्या यादीत तुझं नाव लागल्याचं ताईनं फोनवर सांगितलं. ‘ते आपल्या लोकांचं कॉलेज, त्यापेक्षा पुण्यातलं मोठं नाव बघ,’ असं मैत्रिणी तुला सांगताहेत, हेही कळलं. निर्णय तुझा तूच घे. पण ते कॉलेज कशासाठी उभं राहिलं, एवढं आधी ऐकून घे.

बाबासाहेबांनी 1945 साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि पुढच्याच वर्षी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं. नोकरी करणाऱ्या पोरांना तास आटोपून कचेरी गाठता यावी, म्हणून तिथं सकाळी वर्ग भरत. मग 1950 मध्ये औरंगाबादला हे कॉलेज. मराठवाडा नुकताच निजामाच्या राजवटीतून सुटला होता. विद्यापीठ दूर हैदराबादला, तिथलं शिक्षणही तोवर उर्दूतून. गावच्या शाळेत ज्याला बाजूला बसवत, त्या मुलानं पदवीचं स्वप्न बघायचं तरी कसं? म्हणून बाबासाहेबांनी कॉलेजच या मुलखात आणलं. 1 सप्टेंबर 1951 ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी कोनशिला बसवली.

दार मात्र सगळ्या जातींना उघडं होतं. दलितांसाठी काढलेलं कॉलेज दलितांपुरतं बंदिस्त करायचं नाही, हे बाबासाहेबांचं धोरण होतं. पहिले प्राचार्य म. भि. चिटणीस स्वतः दलित समाजातले नव्हते.

माझ्या वेळी वसतिगृहाच्या खोलीत टेबल एकच होतं आणि रात्री त्यावर बसायच्या पाळ्या ठरलेल्या असत. पण मला सर्वांत जास्त आठवतं ते वेगळंच. इंग्रजीच्या सरांकडे निबंध दाखवायला गेलो, तर त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाले, ‘बस.’ माझे वडील गावच्या चावडीत आयुष्यभर उभे राहिले होते. मला बसायला अवघड गेलं. सर निबंधातलं एकेक वाक्य तपासत राहिले, चुकलेलं खोडत राहिले, जराही सूट दिली नाही. बरोबरीनं वागवणं आणि कसून काम करून घेणं, या दोन्ही गोष्टी मला तिथं एकदमच मिळाल्या. फी माफ झाली, शिष्यवृत्ती मिळाली, तरी हे नसेल तर मुलगा वर्गात असून बाहेरच राहतो.

त्यातून काय उभं राहिलं, ते मराठी वाङ्मयाला ठाऊक आहे. चिटणीस सरांनी ‘युगयात्रा’ हे नाटक लिहिलं. पुढे प्राचार्य झालेल्या म. ना. वानखेडे यांनी अमेरिकेतल्या काळ्या लेखकांचं साहित्य आपल्या मुलांपुढे ठेवलं आणि तुम्हीही तुमचं जगणं लिहा, असा आग्रह धरला. तिथंच शिकवणाऱ्या गंगाधर पानतावण्यांनी ‘अस्मितादर्श’ त्रैमासिक चालवलं. ज्यांच्या घरात पुस्तक नव्हतं, त्यांची पोरं त्यात लिहिती झाली. दलित साहित्याचा इतिहास सांगताना नागसेनवन, म्हणजे मिलिंदचा हा परिसर, वगळता येत नाही. हे कमी दर्जाच्या कॉलेजाचं काम आहे का, तूच सांग.

‘आपल्या लोकांचं’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांना एवढंच विचार, की बाकीची कॉलेजं तेव्हा कुणाची होती? त्यांच्या दारावर पाटी नव्हती, पण आत कोण पोचतं हे आधीच ठरलेलं असे. बाबासाहेबांनी ते बदललं, आणि उपकार म्हणून नाही, हक्क म्हणून.

पुण्याला गेलीस तरी माझी ना नाही. फक्त ‘आपलं’ म्हणजे हलकं, या समजुतीपोटी जाऊ नकोस. मिलिंदला गेलीस, तर ग्रंथालयाचं कार्ड पहिल्याच आठवड्यात काढ. राजा मिलिंद भिक्खू नागसेनाला प्रश्न विचारून विचारून भंडावायचा. त्याच्या नावाच्या कॉलेजात गप्प बसू नकोस. आणि पुढे कमावती झालीस, की वसतिगृहातल्या एका तरी मुलीच्या जेवणाचा खर्च उचल.

तुझा,
मामा