जिवंत आणि तयार

कुबरनेटीस या ग्रीक शब्दाचा अर्थ सुकाणू धरणारा. 2014 साली गूगलने याच नावाचं, कंटेनर चालवणारं व्यासपीठ सर्वांसाठी खुलं केलं. सुरुवातीला मी यॅमल फाइलमधले आकडे दुसऱ्याच्या फाइलमधून जसेच्या तसे उचलायचो. चाललं की झालं. त्यांचा अर्थ एका रात्री कळला.

जावातल्या एका सेवेची नवी आवृत्ती लावली आणि तिचा कंटेनर ज्यात चालतो तो पॉड उभाच राहीना. उठायचा, पडायचा, पुन्हा उठायचा. लॉगमध्ये चूक कुठेच नाही. दर वेळी तो डेटाबेसशी जोडणी होता होता तुटलेला. तासाभराने ध्यानात आलं, सेवेला मीच मारत होतो. लाइव्हनेस प्रोब दर 10 सेकंदांनी हाक मारतो. लागोपाठ 3 वेळा ओ आली नाही की कंटेनर बंद करून नव्याने सुरू करतो. आणि या आवृत्तीला उभं राहायलाच 50 सेकंद लागत होते.

जुने तिन्ही पॉड तोवर इमानेइतबारे काम करत होते. रेडिनेस प्रोब लावलेला होता, त्यामुळे नवा तयार झाल्याखेरीज जुन्याला कुणी हात लावला नाही. ग्राहकांना पत्ताही लागला नाही. स्टार्टअप प्रोब लावून उभं राहायला दोन मिनिटांची मुदत दिली आणि गाडी रुळावर आली.

तेव्हापासून जिवंत असणं आणि तयार असणं यांत मी गल्लत होऊ देत नाही. डेटाबेसची तपासणी लाइव्हनेसमध्ये घालणं तर मला घोर चूक वाटते. डेटाबेस जरा मंदावला की धडधाकट पॉड एकदमच रिस्टार्ट होतात आणि दुखणं वाढतं.

निरोपाचंही तसंच. पॉड काढताना आधी आवरायचा इशारा, म्हणजे सिगटर्म जातो, 30 सेकंदांत आवरलं नाही तर सक्तीने बंद करणारा सिगकिल. पण पॉडचा पत्ता विनंत्या पाठवायच्या यादीतून निघायला क्षणभर उशीर होतो आणि नव्या विनंत्या येतच राहतात. म्हणून सिगटर्मच्या आधी चालणाऱ्या प्रीस्टॉपमध्ये मी 5 सेकंद थांबायला सांगतो. हातातलं काम पुरं करून, कुणाला अर्धवट न सोडता पॉड गेला की मला मनापासून बरं वाटतं.

टीममध्ये नवीन आलेल्या मुलीने परवा फाइल दाखवायला आणली. मी विचारलं, "उभं राहायला किती वेळ लागतो?"

"तीसेक सेकंद असतील, सर."

"मोजलेस?"

ती जागेवर गेली, अ‍ॅप बंद केलं आणि मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं.